चिंचोके, चिठ्ठ्या आणि बोअर : परिसराच्या पाण्याचे मॉडेल सगळ्यांनी मिळून कसे बांधावे

पुण्यात बावधन, सूस, म्हाळुंगे किंवा बाणेर या बाजूला राहणाऱ्या माणसाला उन्हाळ्यात पाणी कुठून येते असे विचारले, तर तो रोजच्या टँकरचा आकडा सांगतो. टँकरमध्ये पाणी कुठून येते असे विचारले, की तो गप्प होतो. टँकर भरून देणाऱ्या विहिरीच्या मालकाला आपल्या विहिरीचे झरे ठाऊक असतात, पण वरच्या अंगाला गेल्या पाच वर्षांत किती बोअर झाल्या हे ठाऊक नसते. बोअरच्या गाडीवर काम करणाऱ्याला खडक कळतो आणि महापालिकेच्या अभियंत्याला नळाची वाहिनी कळते. पाण्याची व्यवस्था एकच असते, तिची माहिती मात्र अशी दहा डोक्यांत वाटलेली असते आणि ती दहा डोकी एका खोलीत सहसा बसत नाहीत. त्यांना बसवून, त्यांच्याकडूनच त्या व्यवस्थेचे चित्र काढून घेणे, ते चालवून पाहणे आणि चुकले तिथे दुरुस्त करणे, याला सहभागी मॉडेलिंग म्हणतात.

या पद्धतीची मुळे दोन-तीन ठिकाणी आहेत. अमेरिकेतील एमआयटी विद्यापीठात जे फॉरेस्टर यांनी १९५० च्या दशकात साठा आणि प्रवाह यांच्या भाषेत व्यवस्था मांडण्याचे शास्त्र उभे केले. पुढे ते काम तज्ज्ञाने एकट्याने न करता गटाने करावे, ही शाखा त्यातून निघाली. फ्रान्समधील संशोधकांनी १९९० च्या दशकापासून भूमिकांचे खेळ आणि संगणकावरील मॉडेल यांची जोडी जमवली आणि सेनेगलमधील सिंचन योजनांवर शेतकऱ्यांबरोबर ती वापरली. आपल्याला त्या इतिहासात फार शिरायचे नाही. एखाद्या ओढ्याच्या किंवा राम नदीसारख्या लहान नदीच्या खोऱ्यातील भूजल हा विषय धरून, पंधरा-वीस माणसांबरोबर हे काम प्रत्यक्ष कसे करावे, एवढेच या लेखात मांडले आहे. टेकडीवरची झाडी, तळ्यातली जलपर्णी किंवा कचरा हा विषय असला, तरी पायऱ्या जवळपास याच राहतात.

प्रश्न आणि त्याची हद्द

पहिली बैठक फक्त प्रश्न ठरवण्यासाठी ठेवावी. "पाणीटंचाई" हा प्रश्न नव्हे, ती तक्रार आहे. "आपल्या भागातील बोअर दर उन्हाळ्यात आधीच्या वर्षापेक्षा लवकर का आटतात आणि त्यात आपला स्वतःचा वाटा किती?" हा प्रश्न झाला, कारण त्यात काळ आहे, जागा आहे आणि उत्तर देणारा माणूस प्रश्नाच्या बाहेर राहत नाही.

हद्दीवरून पुण्यात वाद ठरलेलाच आहे. कोणी तरी खडकवासल्याचा विषय काढतोच. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला मिळून साधारण २९ टीएमसी साठवण आहे, त्यातून शहर पिते आणि मुठा कालव्यातून दौंड-इंदापूरची शेती भिजते. हे सगळे चित्रात घेतले, तर तीन तासांत आपण राज्याच्या राजकारणावर पोहोचतो आणि सोसायटीची बोअर तशीच राहते. म्हणून माझा आग्रह असा असतो, की ज्यावर खोलीतील माणसांचा काही हात चालतो ते चित्राच्या आत घ्यावे आणि ज्याचा परिणाम होतो पण ज्यावर हात चालत नाही ते कागदाच्या कडेला लिहावे. नळाने मिळणारे पाणी कडेला, पाऊस कडेला, २०२१ मध्ये बावधन बुद्रुक, सूस, म्हाळुंगे यांच्यासह २३ गावे महापालिकेत आली तो निर्णयही कडेला. कडेला लिहिलेली गोष्ट विसरली जात नाही. ती फक्त दिवसभराची चर्चा गिळत नाही.

कोणाला बोलवायचे आणि कुठे

पंधरा ते अठरा माणसे पुरतात. त्याहून जास्त झाली की निम्मी प्रेक्षक होतात. सोसायट्यांचे सेक्रेटरी आपण न बोलावताही येतात. मुद्दाम गाठावी लागतात ती माणसे वेगळी : मोटर चालू-बंद करणारा वॉचमन, प्लंबर, टँकरचा चालक, बोअर मारणाऱ्या गाडीवरचा कामगार, गावठाणातील विहिरीचे मालक, सार्वजनिक नळावर पाणी भरणाऱ्या वस्तीतील बायका, महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागातील कोणी आणि शक्य झाल्यास भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेतील एखादा भूवैज्ञानिक. या यंत्रणेचे मुख्यालय पुण्यातच आहे आणि तिच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी पुढे उपयोगी पडतात. शहरातील 'अॅक्वाडॅम' ही संस्थाही भूजलाच्या लोकसहभागी अभ्यासासाठी ओळखली जाते.

घरकाम करणाऱ्या बायकांना रविवारी सकाळी बोलावणे म्हणजे न बोलावणेच. त्यांची सोयीची वेळ दुपारी तीननंतरची असते आणि बुडालेल्या कामाचे पैसे द्यायलाच हवेत. जागेबाबत मी एक गोष्ट उशिरा शिकलो. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये बैठक ठेवली, तर त्याच सोसायटीचा वॉचमन खुर्चीवर बसत नाही, दाराशी उभा राहतो. महापालिकेच्या शाळेतील वर्ग मिळवावा, बाके बाजूला सारावीत आणि सगळ्यांनी खाली सतरंजीवर बसावे. गटांमध्ये अंतर फार असेल, तर एकत्र बैठकीच्या आधी प्रत्येक गटाची वेगळी बैठक घेऊन त्यांचे चित्र आधी काढून घ्यावे. एकत्र खोलीत जो गप्प बसेल, त्याचे म्हणणे निदान कागदावर तरी खोलीत आलेले असते.

काळाचा आलेख

बाणांचे चित्र काढण्याआधी प्रत्येकाला एक कोरा कागद द्यावा. आडव्या रेघेवर वर्षे, उभ्या रेघेवर त्याला महत्त्वाची वाटणारी एक गोष्ट. आकडे नकोत, फक्त रेघेचा आकार हवा : चढती, उतरती, एकदम तुटलेली. वर्षांच्या खुणा लोकांच्या आठवणीतल्या ठेवाव्यात. जुन्या पुणेकराला १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, १९७२ चा दुष्काळ किंवा सप्टेंबर २०१९ मधील आंबिल ओढ्याच्या पुराची रात्र सांगितली, की बाकीची वर्षे तो त्यांच्या आगेमागे बरोबर लावतो.

एका कार्यशाळेत गावठाणातील एका आजोबांनी ओढ्याच्या वाहण्याची रेघ काढली आणि सांगितले, "पूर्वी शिमग्यापर्यंत ओढा वाहायचा. नंतर संक्रांतीला आटायला लागला. आता दिवाळीलाच खडखडाट असतो." त्यांच्या शेजारी बसलेल्या सेक्रेटरींनी सोसायटीच्या बोअरच्या खोलीची रेघ काढली होती; ती २०० फुटांवरून ४०० फुटांवर गेली होती. दोन्ही कागद भिंतीवर एकाखाली एक लावले, तेव्हा एक रेघ जिथे पडायला लागली तिथेच दुसरी चढायला लागलेली दिसली. कोणीही काही बोलले नाही. अशा वेळी बैठक चालवणाऱ्यानेही बोलू नये.

चिठ्ठ्या आणि बाण

हा भाग दीड ते दोन तास घेतो आणि खरे शिकणे बहुतांशी इथेच होते. तीन बाय चार फुटांचे जाड कागद, चिकटचिठ्ठ्या, पेन्सिल आणि खोडरबर एवढे साहित्य लागते. शाईचे पेन देऊ नये, कारण शाईने काढलेला बाण खोडताना माणूस कचरतो.

आधी चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर अशी एकच गोष्ट, जी कमी-जास्त होऊ शकते. "नियोजनाचा अभाव" ही चिठ्ठी बाद. "वर्षभरात मारलेल्या नव्या बोअर" ही चालेल. मराठीत इथे एक खास खड्डा आहे. लोक "पाण्याची पातळी" असे लिहितात आणि मनात मात्र "पाणी किती फुटांवर लागते" हे असते. पातळी खाली जाते तेव्हा फुटांचा आकडा वाढतो, त्यामुळे अर्ध्या गटाचे बाण उरलेल्या अर्ध्या गटाच्या नेमके उलटे निघतात आणि वीस मिनिटे भांडण होते. म्हणून पहिल्याच चिठ्ठीवर "भूजलाचा साठा" असे स्पष्ट लिहून घ्यावे.

मग बाण. पुस्तकांत बाणांना अधिक आणि उणे अशी चिन्हे देतात. माझा अनुभव असा, की अधिक म्हणजे चांगले आणि उणे म्हणजे वाईट हे आपल्या डोक्यात शाळेपासून इतके बसलेले आहे, की "टँकर वाढले की विहिरींचा उपसा वाढतो" या बाणावर अधिक लिहायला कोणी तयार होत नाही. त्याऐवजी "जोडीचा बाण" आणि "उलटा बाण" म्हणावे. एक वाढले की दुसरेही वाढते आणि एक घटले की दुसरेही घटते, तो जोडीचा. एक वाढले की दुसरे घटते, तो उलटा. नंतर कोणाला संगणकावर न्यायचे असेल, तर चिन्हे बदलायला वेळ लागत नाही.

बाण जुळत जुळत कुठे तरी फिरून पहिल्या चिठ्ठीवर येतात, तेव्हा फेरा तयार होतो, आणि शोधायचे असतात ते हे फेरे. आमच्या खोलीत निघालेला मुख्य फेरा असा होता : साठा घटला की बोअर आटतात, बोअर आटल्या की टँकर येतात आणि त्याच वेळी आणखी खोल बोअर मारली जाते, टँकर जवळच्याच विहिरींतून भरतो आणि खोल बोअर आणखी उपसते, साठा आणखी घटतो. यात प्रत्येक जण आपापल्या जागी शहाणपणाने वागत असतो, आणि फेरा मात्र स्वतःला फुगवत नेतो. याला आवर घालणारा फेराही शोधावा. "टंचाई झाली की लोक पाणी जपून वापरतात" असा एक बाण कोणी तरी काढतेच. त्यावर विचारावे, "टँकर वेळेवर आला, तर टंचाई कोणाला जाणवते?" आमच्याकडे त्यावर एका प्लंबरने शांतपणे तो बाण खोडला.

गट जिथे अडेल ती जागा सर्वांत मोलाची समजावी. सेक्रेटरी म्हणाले, "आमची बोअर आमच्या आवारात आहे आणि ४०० फूट खोल आहे. तुमच्या ४० फुटांच्या विहिरीशी तिचा काय संबंध?" आजोबा म्हणाले, "तुमची बोअर झाली आणि दुसऱ्या उन्हाळ्यात माझी विहीर गेली, एवढंच मला माहितीय." बाण काढायचा की नाही, यावर खोली दुभंगली. तेव्हा बोअरच्या गाडीवरचा कामगार म्हणाला, "साहेब, वरचा मुरूम आणि मांजऱ्या खडक असतो ना, तिथंच पाणी लागतं. खाली काळा कातळ. केसिंग वरचे वीस फूटच टाकतात. मग वरचं पाणी बोअरमधनंच खाली उतरतं." केसिंग म्हणजे बोअरची भिंत ढासळू नये म्हणून वरून घातलेला पाइप. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टचे थर असेच एकावर एक आहेत : पाणी धरणारे सच्छिद्र (मांजऱ्या) किंवा भेगाळलेले थर आणि त्यांच्यामध्ये घट्ट कातळ. कातळाने वेगळे ठेवलेले थर बोअर एकमेकांना जोडते. तो बाण शेवटी तुटक रेघेने काढला आणि शेजारी "तपासायचे" असे लिहिले. तुटक बाणाची ही सोय जरूर ठेवावी. तिच्यामुळे कोणाला हरावे लागत नाही आणि तपासायच्या गोष्टींची यादी आपोआप तयार होते.

प्रत्येक बाणाला उणे एक ते अधिक एक यांमधला जोर देऊन अनेकांच्या नकाशांची सरासरी काढणारी एक पद्धत आहे, तिला फझी कॉग्निटिव्ह मॅप म्हणतात, आणि 'मेंटल मॉडेलर'सारखे साधन ते काम सोपे करते. साधन चांगले आहे. सरासरी मात्र घाईने काढू नये. अठरा नकाशांपैकी केसिंगचा बाण एकाच नकाशात होता. सरासरीत तो दिसलाही नसता.

आकडे : थोडे, पण सगळ्यांसमोर

दुसऱ्या बैठकीत आकडे आणावेत. मोठे सॉफ्टवेअर लागत नाही. एक साधी एक्सेल शीट आणि फळा पुरतो. सूत्र एका ओळीचे आहे : महिनाअखेरचा साठा म्हणजे सुरुवातीचा साठा, अधिक मुरलेले पाणी, वजा उपसा, वजा ओढ्यात पाझरून गेलेले पाणी. ओढ्याचा हा शेवटचा तुकडा लोक विसरतात. आजोबांचा शिमग्यापर्यंतचा ओढा तोच आहे.

आता फळ्यावर हिशेब मांडावा. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस धरू. आपल्या खडकात त्याचा दहावा भाग मुरतो, असे सुरुवातीला मानून चालू. म्हणजे ७० मिलिमीटर. एक चौरस किलोमीटरवर हे ७ कोटी लिटर होतात, म्हणजे १० हजार लिटरचे ७,००० टँकर, म्हणजे रोजचे १९. माणशी रोजच्या १३५ लिटरच्या मापाने हे पाणी साधारण १,४०० माणसांना पुरते. इथे थांबून विचारावे, की आपल्या एका चौरस किलोमीटरमध्ये किती माणसे राहतात. मग पाच टक्के आणि पंधरा टक्के मुरते असे धरून हिशेब पुन्हा करावा, म्हणजे आपल्या गृहीतकावर उत्तर किती हलते आणि किती हलत नाही, हेही दिसते.

छतावरच्या पाण्याचा हिशेबही करून टाकावा, कारण "रेन वॉटर हार्वेस्टिंग केले की झाले" असे म्हणणारे प्रत्येक बैठकीत असतात. ५०० चौरस मीटरचे छत, ७०० मिलिमीटर पाऊस, त्यातले ८० टक्के हाती लागले तर २ लाख ८० हजार लिटर. हे २८ टँकर झाले. रोज दोन टँकर घेणाऱ्या सोसायटीला ते चौदा दिवस पुरतात. म्हणून ते करू नये असे नाही. पण चौदा दिवसांना चौदा दिवसच म्हणावे.

माझी एक चूक इथे नोंदवतो. सुरुवातीच्या एका प्रयत्नात मी शीट आणि बाणांचे सुंदर चित्र घरीच करून नेले आणि प्रोजेक्टरवर दाखवले. सगळ्यांनी "छान आहे" म्हटले, चहा घेतला आणि गेले. कोणी एक आकडाही विचारला नाही. त्यानंतर शीट रिकामी नेतो आणि आकडे लोकांकडून भरून घेतो. वॉचमनला विचारले, की मोटर रोज किती तास चालते, तर तो अचूक सांगतो. सेक्रेटरींचा अंदाज बहुधा निम्म्यावर असतो.

चिंचोक्यांचा खेळ

शीटमध्ये माणसे नसतात, आणि माणसे कशी वागतील हे विचारून कळत नाही, खेळून कळते. एक परात, शंभरेक चिंचोके, एक फासा आणि सहा खेळाडू घ्यावेत. परातीत ६० चिंचोके ठेवावेत. हा भूजलाचा साठा, आणि परात याहून जास्त धरत नाही. प्रत्येक फेरी म्हणजे एक वर्ष. प्रत्येकाने किती चिंचोके घ्यायचे ते शून्य ते पाचमध्ये चिठ्ठीवर गुपचूप लिहावे. सगळ्यांचे उचलून झाले, की फासा टाकावा : एक-दोन पडले तर दुष्काळ आणि ६ चिंचोके भर, तीन-चारला १२, पाच-सहाला १८. जितके चिंचोके जमतील तितके गुण.

पहिल्या चार फेऱ्या न बोलता खेळाव्यात. सगळ्यांनी पाच-पाच घेतले आणि पाऊस सरासरीचा झाला, तर दोन फेऱ्यांनंतर परातीत २४ उरतात आणि मागणी ३० ची असते. तिसऱ्या वर्षी कोणाला तरी रिकाम्या हाताने उठावे लागते, आणि तो कोण हे उचलण्याच्या क्रमावर ठरते. क्रम मी मुद्दाम खोल बोअरवाल्यापासून सुरू करतो. त्यानंतर परात पुन्हा भरावी आणि पुढच्या चार फेऱ्यांमध्ये आधी बोलायला परवानगी द्यावी, सक्ती मात्र कशाचीच नसावी. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सामाईक संसाधनांवर जे काम केले, ज्याला २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यातील एक ठळक निष्कर्ष हाच होता, की नुसते समोरासमोर बोलता आले तरी लोकांचा उपसा बराच बदलतो. हा निष्कर्ष भाषणात सांगू नये. परातीत दिसू द्यावा.

तिसऱ्या डावात नियम करू द्यावेत आणि भूमिका बदलाव्यात. आमच्याकडे वॉचमन सेक्रेटरी झाला आणि सेक्रेटरी आजोबांच्या विहिरीवर गेले. पाणी कमी करण्याची वेळ आली, तेव्हा वॉचमन गंभीरपणे म्हणाला, "हा विषय पुढच्या जनरल बॉडीत घेऊ," आणि खोली हसून लोळली. सेक्रेटरीही हसले, पण त्या फेरीत त्यांच्या वाट्याला एकच चिंचोका आला होता. नियमांचा विषय निघाला, की पुरंदर तालुक्यातील पाणी पंचायतीचे उदाहरण द्यावे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावपासून सुरू केलेल्या त्या प्रयोगात पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता कुटुंबातील माणसांवर ठरवला होता, भूमिहीनालाही वाटा होता आणि त्या पाण्यावर उसाला मनाई होती. "बोअर ज्याच्या आवारात, पाणी त्याचे" हा निसर्गाचा नियम नाही, हे त्यावरून लगेच ध्यानात येते. २००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्यात ६० मीटरहून खोल विहिरीला "खोल विहीर" म्हटले आहे. ४०० फूट म्हणजे सुमारे १२२ मीटर, हे याच वेळी सांगितले, तर कायद्याकडे लोक निराळ्या कुतूहलाने पाहतात.

खेळानंतरची चर्चा खेळाइतकाच वेळ मागते. तीन प्रश्न पुरतात : खेळात काय झाले, खऱ्या परिसरात तसेच होते का, आणि खेळात काय चुकीचे दाखवले आहे. शेवटचा प्रश्न कधीही गाळू नये. आमच्या खेळात परात सगळ्यांना दिसत होती; एका मावशी म्हणाल्या, "खरं पाणी दिसतं कुठं?" पुढच्या वेळी आम्ही परातीवर फडके टाकून खेळलो आणि तिसऱ्याच फेरीत परात संपली.

संगणकावर 'नेटलोगो'सारख्या साधनात हेच नियम घालून शंभर वर्षे चालवता येतात. गटात कोणाला हौस असेल तर करावे. मी ते अनिवार्य मानत नाही.

कागद भिंतीवरून उतरवल्यानंतर

चित्रांचे फोटो काढावेत, पण मूळ कागद शाळेत किंवा एखाद्या सोसायटीच्या कार्यालयात, सगळ्यांना पाहता येईल असा ठेवावा. तुटक बाणांच्या यादीतील प्रत्येक बाणाला एक माणूस आणि एक साधे मोजमाप नेमून द्यावे. केसिंगच्या बाणासाठी आम्ही एवढेच ठरवले, की जवळच्या चार विहिरींत दर अमावास्येला दोरीला वजन बांधून पाणी किती खाली आहे ते मोजायचे आणि त्याच दिवसांत बोअरची मोटर किती तास चालली ते लिहायचे. अमावास्या यासाठी, की ती कोणी विसरत नाही.

पावसाळा संपला की गट पुन्हा बसवावा. हिवरे बाजारला दरवर्षी पावसाचे माप घेऊन पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि त्यावर पिके ठरवतात; शहरातल्या गटानेही आपला कागद वर्षातून एकदा तरी उघडून शीटचे आकडे आणि विहिरींच्या नोंदी शेजारी ठेवाव्यात. जिथे जुळत नाहीत तिथे आधी मॉडेलवर संशय घ्यावा, मग नोंदींवर, आणि माणसांवर सर्वांत शेवटी.

आमच्या गटात मोटरच्या नोंदींची वही वॉचमनकडेच आहे. दुसऱ्या वर्षी त्याने तिच्यात न सांगता एक रकाना वाढवला होता : टँकर किती वाजता आला.